कडी निखळते ती पहिल्या तीन दिवसांत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून एक चौकट असते: अमुक गावच्या खून खटल्यातील आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष सुटका. त्याच खटल्याची चार वर्षांपूर्वीची बातमी काढली, तर तिथं ‘चोवीस तासांत छडा, आरोपीची कबुली, कुऱ्हाड जप्त’ असं छापलेलं सापडतं. मग पारावर चर्चा होते, मधे कुणीतरी पैसे खाल्ले. कधी तसंही होत असेल. पण निकालपत्र शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचलं, तर केस पहिल्या तीन दिवसांतच गेलेली दिसते. ती बिघडते पंचनाम्याच्या कागदावर, शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीत. हे नेमकं कसं घडतं ते वाचकांना कळावं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडचे बरेचसे खून रात्री शेतात, विहिरीजवळ किंवा घरातल्या घरात होतात. डोळ्यांनी पाहणारा कुणी नसतो. असला तरी तो भाऊबंद निघतो आणि धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद आधीपासून कोर्टात असतो. मग उरतो परिस्थितीजन्य पुरावा. ‘नुसता परिस्थितीजन्य’ असं हिणवून बोलायची पद्धत आहे, ती चुकीची आहे. अशा पुराव्यावर जन्मठेपच काय, फाशीसुद्धा झालेली आहे. त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात घालून दिली. गंमत म्हणजे ते प्रकरण खुनाचं नव्हतंच, सिवनीच्या दारूभट्टीच्या टेंडरमधल्या बनावट कागदांचं होतं. पुढे १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात पाच अटी ठरल्या, त्यांनाच वकील मंडळी पंचशील म्हणतात. प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे आणि पुरती सिद्ध हवी. त्या सगळ्या आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत. त्यांचं स्वरूप निर्णायक हवं. दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. आणि साखळी अशी सलग हवी, की हे आरोपीनेच केलं असणार यावर वाजवी शंका राहू नये. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असणार’ यांतलं अंतर अंदाजाने भरता येत नाही. पहिल्याच अटीवर निम्म्या केसेस अडतात.

आता कुऱ्हाडीचं घ्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात शून्य असते. अपवाद एवढाच, की कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग वाचता येतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ ते हेच. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये परंतुक म्हणून आलं आहे. ‘ज्या कुऱ्हाडीने मी त्याला मारलं ती काढून देतो’ या वाक्यातलं ‘मारलं’ बाद होतं आणि ‘काढून देतो’ राहतं. ब्रिटिश काळातलं शेवटचं अपिली न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात सांगितलेला हा नियम आजही तसाच लागू आहे.

हे निवेदन नोंदवायचं कसं, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात पायरीपायरीने सांगितलं आहे. आधी दोन स्वतंत्र पंच ठाण्यात बोलवायचे. त्यांच्यासमोर आरोपीने जे सांगितलं ते शक्य तितकं त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग सगळ्यांनी ठाण्यातून एकत्र निघायचं आणि आरोपी नेईल तिकडे जायचं. प्रत्यक्षात पंच शेतातच गाठतात. कागद आधीच टाइप झालेला असतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘सदर गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी माझ्या मालकीच्या शेतात लपवून ठेवले असून ते मी स्वखुशीने काढून देण्यास तयार आहे.’ असं बोलणारा माणूस कुठल्या गावात भेटतो? आरोपी म्हणाला असणार, ‘कुऱ्हाड म्या पऱ्हाटीच्या ढिगात खुपसून ठेवली, चाला दाखवतो.’ हेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं असतं, तर उलटतपासात ते टिकलं असतं. मेळघाटातला कोरकू किंवा झरीकडचा कोलाम आरोपी असेल, तर दुभाषा कोण होता आणि त्याची सही कुठे आहे, हा पहिला प्रश्न येतो. बहुतेक वेळा दुभाष्याचं नावच कागदावर नसतं.

वस्तू कुठे सापडली याची नोंदही तितकीच ढिली असते. ‘शेतातून जप्त’ एवढ्यावर भागत नाही. उघड्या शेतात येणारा-जाणारा कुणीही ती ठेवू शकतो, हा बचाव तयारच असतो. पांदणीपासून किती अंतरावर, ढिगात किती खोल, वरून दिसत होती की नाही, काय बाजूला सारल्यावर दिसली, हे लिहावं लागतं. दांड्याची लांबी, पात्याची रुंदी, डाग पात्याच्या कोणत्या बाजूला आणि दांड्याच्या खोबणीत आहेत का, हेही लिहावं लागतं. पातं धुतलं तरी खोबणीत रक्त अडकून राहतं, म्हणून प्रयोगशाळेला दांड्यासकट कुऱ्हाड हवी असते.

आणि मग तिचा प्रवास. कुऱ्हाड कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधायची, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, लाखेची मोहर करायची आणि त्या मोहरेचा नमुना वेगळा ठेवायचा. मुद्देमाल नोंदवहीत त्याच दिवशी नोंद हवी. पुढे एक हमखास खड्डा येतो. ‘या हत्याराने या जखमा होऊ शकतात का’ हे विचारायला तीच कुऱ्हाड शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे जाते. तिथं मोहर तोडावीच लागते. डॉक्टर पाहतात, मत लिहितात, आणि कुऱ्हाड परत बांधली जाते. कुणी बांधली, कोणत्या मोहरेने, याची ओळही कुठे नसते. नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत ती पोचते तेव्हा पोचपावतीवर ‘मोहर नमुन्याप्रमाणे’ असा शेरा असतो. पण तो नमुना डॉक्टरांकडचा की ठाण्याचा, ते कळायला मार्ग नसतो. मालखान्याचा कारकून आणि माल घेऊन गेलेला शिपाई, दोघांना साक्षीला बोलावलंच नाही तर संपलंच. तेवढ्यात कुणी छेडछाड केली नाही, हे सांगणारा माणूसच उरत नाही. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी झालेल्या तिघांना सोडलं. त्यामागच्या कारणांत डीएनएचे नमुने सुमारे दोन आठवडे मालखान्यात पडून राहिले, हेही एक होतं. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डीएनएचे नमुने घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचे आणि हातोहात नोंदीचं रजिस्टर ठेवायचं, असे निर्देश दिले. तालुक्याच्या ठाण्याचं एकुलतं वाहन बंदोबस्तात असतं तेव्हा हे ४८ तास कसे पाळायचे, ते मात्र ठाण्यानेच ठरवायचं आहे.

कपड्यांची गत याहून वाईट. रक्ताने ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, की आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत त्याला बुरशी येते आणि रक्तगट हाती लागत नाही. असा कपडा सावलीत वाळवून, प्रत्येक नग वेगळ्या कागदात बांधायचा असतो. मयताचा आणि आरोपीचा शर्ट एकाच पोत्यात आला, तर पुढच्या अहवालाला अर्थ नाही. घटनास्थळावरून रक्तमिश्रित मातीबरोबर थोड्या अंतरावरची साधी मातीही घ्यायची असते, हे एक आपल्याकडे बऱ्यापैकी पाळलं जातं.

रक्तगटाच्या अहवालावर तर भोळा विश्वास असतो. कुऱ्हाडीवर ‘मानवी रक्त, गट ओ’ आलं, म्हणून खून सिद्ध झाला असं नाही. मयताच्या रक्ताचा नमुना सडला म्हणून त्याचा गट ‘ठरवता आला नाही’ असा शेरा असेल, तर त्या ‘ओ’ची तुलना कशाशी करायची? आरोपीचाही गट ओ असेल तर? दुसरं असं, की गावात जखमीला उचलून ट्रॅक्टरमध्ये घालणारे घरचेच असतात. आरोपी चुलतभाऊ असेल आणि त्याने उचलायला हात लावला असेल, तर शर्टावरचं रक्त काहीच सिद्ध करत नाही. इथं डागांचा आकार कामी येतो. वार करणाऱ्याच्या अंगावर बारीक शिंतोडे उडतात, उचलणाऱ्याच्या कपड्यावर लांब पुसलेले डाग पडतात. पंचनाम्यात ‘रक्ताने माखलेला शर्ट’ एवढंच असतं, फोटो नसतो, आणि प्रयोगशाळा चाचणीसाठी नेमका तोच भाग कापून घेते.

शवविच्छेदनाचं सांगतो. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी दिवसभर ओपीडी करून टेबलावर उभा राहतो. न्यायवैद्यक हा त्याचा विषय नसतो. त्याच्यापुढे दोन बरण्या असतात आणि त्यांची अदलाबदल हा सगळ्यात महागडा घोळ. विषासाठीचा व्हिसेरा, म्हणजे जठर त्यातल्या ऐवजासकट, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी भाग, यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचा. १०० मिलि पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, तळाशी थोडं मीठ उरेपर्यंत घालायचं. बरणी दोन तृतीयांशच भरायची, कारण कुजताना वायू सुटतो आणि काठोकाठ भरलेलं झाकण उडतं. ज्या द्रावणात ठेवलं त्याचाही नमुना वेगळ्या बाटलीत पाठवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे मात्र १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. विषाचा व्हिसेरा फॉर्मेलिनमध्ये गेला, की रासायनिक तपासणी बहुतेक वाया जाते. उलट, रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेचा शॉक लागल्याचं सांगितलं जात असेल, तर त्या ठिकाणची कातडी फॉर्मेलिनमध्येच हवी, नाहीतर वीज जिवंतपणी लागली का हे तपासता येत नाही. मारून तारेवर टाकल्याचा संशय आपल्याकडे नवा नाही.

विषाच्या खटल्यांत विदर्भाची अडचण जगावेगळी आहे. सारडा निकालानेच सांगितलं आहे, की विषाने खून सिद्ध करायला हेतू, त्याच विषाने मृत्यू, आरोपीच्या ताब्यात ते विष आणि ते देण्याची संधी, या चार गोष्टी लागतात. तिसरी गोष्ट इथं निरर्थक ठरते. प्रत्येक कोठ्यात फवारणीच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या पडलेल्या असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात नुसत्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, एवढं हे औषध आपल्या अंगाखांद्यावर आहे. आरोपीच्या घरात मोनोक्रोटोफॉस मिळालं, याने कोण हलणार? म्हणून कडी दुसरीकडे शोधावी लागते: बाटलीचा बॅच क्रमांक आणि कृषी केंद्राचं बिल, पेल्यातला गाळ, ओकारी लागलेलं लुगडं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पहिल्यांदा ज्या दवाखान्यात नेलं तिथं पोट धुतल्याचं पहिलं पाणी. रोगी चार-पाच दिवस उपचार घेऊन गेला, तर तोवर विष शरीरातून निघून गेलेलं असू शकतं आणि व्हिसेऱ्याचा अहवाल ‘विष आढळले नाही’ असा येतो. ते पहिलं पाणी बाटलीत बंद करून ठेवलं असतं तर उत्तर मिळालं असतं. ते मोरीत जातं. केसपेपरवर ‘औषध घेतल्याची हकिगत’ लिहिलेली असते, पण ती कुणी सांगितली, रोग्याने की आणणाऱ्याने, हे लिहिलेलं नसतं. आणणारा पुढे आरोपी झाला, तर ही एक ओळ सगळा खटला फिरवते.

विहिरीचंही तसंच. गळा दाबून टाकलं की उडी घेतली, हे ठरवायला मांडीचं हाड आणि त्याच विहिरीचं एक-दोन लिटर पाणी लागतं. जिवंत माणूस बुडताना पाणी ओढतो, त्यातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं, म्हणजे डायटम, रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मेलेल्याच्या फुप्फुसात पाणी शिरलं तरी मगजात ती सहसा जात नाहीत. ही चाचणी एकटीने निर्णायक नाही. पण पाण्याचा नमुनाच घेतला नसेल, तर हाड पाठवूनही उपयोग नाही, आणि महिनाभराने घेतलेलं पाणी ते पाणी नव्हे. गळ्यावरचा वळ आडवा आणि पूर्ण गोल आहे की तिरका आणि कानामागे तुटलेला, हे मोजून लिहावं लागतं. कंठास्थी मोडली नाही म्हणजे गळा दाबला नाही, असंही नसतं. तरुण माणसात ती लवचीक असते आणि पुष्कळदा शाबूत राहते.

मृत्यूच्या वेळेबाबत तर मे महिन्यात कुणी ठाम बोलूच नये. अंगाचा ताठरपणा हिवाळ्यात २४ ते ४८ तास टिकतो, तो उन्हाळ्यात १८ ते ३६ तासांतच सुटतो. त्यात प्रेत उघड्या शेतात ४५ अंशांत पडलेलं असेल आणि ग्रामीण रुग्णालयात शीतपेटी बंद असेल, तर डॉक्टरांचं ‘१२ ते २४ तास’ हे मत अंदाजच असतो. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली. पण खुनाचा संशय असलेली प्रकरणं एरवी त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे प्रेत रात्रभर थांबतंच. या अंदाजावर ‘शेवटचं सोबत पाहिलं’ हा पुरावा टेकवलेला असतो. मयत आणि आरोपी संध्याकाळी बाजारातून सोबत परतले, आणि प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. मधल्या काळात तिसरा कुणी भेटलाच नाही, हे कोण सांगणार? आठवडी बाजारातून अर्धं गाव सोबतच परततं.

घरातल्या मृत्यूत सरकारपक्षाला एक आधार असतो. घरात काय घडलं ते घरातल्यालाच ठाऊक, तेव्हा त्याने खुलासा द्यावा, हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६, आताच्या साक्ष्य अधिनियमाचं १०९. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्रिमुख किरकन प्रकरणात ते स्पष्ट केलं. पण त्याआधी एक पायरी आहे, आणि सरकारपक्ष ती वारंवार विसरतो. नवरा त्या रात्री घरात होता, हे आधी सिद्ध करावं लागतं. तो म्हणतो, ‘मी जागलीला होतो’, म्हणजे रात्री शेत राखायला. हरभरा, तूर उभी असताना अर्ध्या गावाचे पुरुष जागलीला असतातच. शेजारच्या मळ्यातल्या जागल्याचा जबाब दुसऱ्याच दिवशी घ्यायला हवा. तो घेतात दोन महिन्यांनी.

मोबाइलच्या टॉवरचा आधार शहरात होतो तेवढा इथं होत नाही. खेड्यात एक टॉवर चार-पाच गावं झाकतो, आरोपीचं घर आणि घटनास्थळ दोन्ही त्यातच येतात. ढाब्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं, आणि जे मिळतं त्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (पूर्वीचं ६५-ब) प्रमाणपत्र जोडलेलं नसेल तर ते वाचलंच जात नाही. जालन्याच्या निवडणूक वादात २०२० मध्ये हे पक्कं झालं आहे.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येणंही कलम १७६ ने सांगितलं, त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चित्रीकरणामुळे ‘पंच जागेवर नव्हते’ हा वाद मिटेल. मात्र तज्ज्ञांची व्हॅन जिल्ह्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत जागा राखायची पोलीस पाटील आणि कोतवालाने. चहूबाजूंनी दोरी बांधणं, प्रेतावर घरची चादर न टाकणं, कारण तिचे केस आणि धागे चिकटतात, आणि मोबाइलवर चित्रण करायला आलेल्या पोरांना धुऱ्याबाहेर ठेवणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

पंच फितूर झाला असं आपण सहज लिहिता. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून आणलेला माणूस कोऱ्या कागदावर सही करतो आणि तीन वर्षांनी त्याला आकडे विचारतात. साक्षीआधी पंचनामा वाचून स्मरण ताजं करण्याची कायद्यात सोय आहे, ती सरकारी वकिलाने त्याला सांगायला हवी. पंच उलटला तरी तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर जप्ती सिद्ध होऊ शकते, पण त्याची साक्ष आणि स्टेशन डायरी यांतल्या वेळा जुळल्या तरच.

आपल्या दैनिकाकडून दोन गोष्टी हव्या आहेत. सुटकेची बातमी देताना निकालपत्र पाहावं, ते ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि कोणत्या परिस्थितीवर कोर्ट थांबलं ते एका ओळीत छापावं. दुसरी जास्त निकडीची आहे. अनोळखी हल्लेखोर पकडले, की पोलिसांच्या मधे उभं करून काढलेला त्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो. ओळख परेड त्यानंतर आठ-दहा दिवसांनी होते. साक्षीदाराने तुरुंगात बोट दाखवलं, की बचावाचा वकील तुमचा अंक कोर्टापुढे ठेवतो आणि विचारतो, ‘हा पेपर तुमच्या गावात येतो ना?’ साक्षीदार ‘येतो’ म्हणाला की परेड रद्दी झाली. तेव्हा परेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा झाकूनच फोटो छापावा, आणि पोलिसांनी तसा न झाकता पाठवला तर तो परत पाठवावा.

— एक फौजदारी वकील, दारव्हा, जि. यवतमाळ